किंमत आणि मागणीचं सरळ समीकरण: बाजारातल्या आकड्यांवरून भाव कसा काढायचा

भाव वाढवला की खप कमी होतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण 'किती वाढवला तर किती कमी होईल' असं विचारलं की बहुतेक जण हाताशी असलेले दोन आकडे घेतात, त्यातून एक रेष काढतात आणि त्या रेषेवर भाव ठरवून मोकळे होतात. हायर सेकंडरीच्या प्रोजेक्टमध्ये हेच दिसतं, बचत गटाच्या वहीत हेच, आणि घरून मसाले-लोणची विकणाऱ्यांच्या हिशोबातही हेच. समीकरण सोडवायला फारसं कुणी चुकत नाही, ते दहावीपर्यंत सगळ्यांनी केलेलं असतं. चूक होते ती आधी, आकडे गोळा करताना, आणि मग शेवटी, आलेलं उत्तर वापरताना. म्हणून इथे आकडेमोड बेताची आहे आणि तयारीवर जास्त वेळ घालवलाय, तो भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो. गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारा एक बचत गट, माल म्हणजे कोकमाचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस), एकाच मापाची बाटली. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बनवलेले आहेत, ते बाजारभाव म्हणून घेऊ नका, पद्धत तेवढी उचला आणि तुमचे आकडे घाला.

१. आधी एका वाक्यात प्रश्न लिहा, आणि एकक ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर असं वाक्य हवं: 'म्हापसा बाजारात एका शुक्रवारी, या मापाची बाटली अमुक रुपयांना लावली तर किती बाटल्या खपतील?' यात जागा आली, काळ आला, माप आलं आणि पैशाचं एकक आलं. हे चारही ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग दोन अक्षरं ठरवा. क म्हणजे एका बाटलीची किंमत रुपयांत, म म्हणजे एका शुक्रवारी लोकांना हव्या असलेल्या बाटल्या. आपल्याला शोधायचं समीकरण असं:

म = अ − ब × क

ब म्हणजे किंमत एक रुपयाने वाढली की किती बाटल्या कमी खपतात. अ म्हणजे रेष जिथून सुरू होते तो आकडा, त्याच्या अर्थाबद्दल सहाव्या पायरीत बोलू, कारण तिथे भरपूर गोंधळ होतो.

इथली नेहमीची चूक: किंमत शुक्रवारची आणि खप महिन्याचा. असं केलं की ब चारपट मोठा येतो, आणि वहीत तो दिसायला ठीकच दिसतो. दुसरी चूक म्हणजे लहान बाटली आणि मोठी बाटली एकाच यादीत घालणं. दोन मापं असतील तर दोन वेगळी समीकरणं बांधा.

२. कुठले भाव लावायचे, आणि कुठल्या क्रमाने

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक सगळ्यात जास्त हीच गाळतात.

चार भाव निवडा, सारख्या अंतराचे: १२०, १४०, १६०, १८०. फार जवळचे घेऊ नका. १४० आणि १४५ मधला फरक गिऱ्हाइकाला जाणवतच नाही, मग आकड्यांत जे काही दिसतं ते त्या दिवशीच्या गर्दीचं असतं, किंमतीचं नसतं. प्रत्येक भाव कमीत कमी दोन शुक्रवार लावायचा, म्हणजे आठ शुक्रवार झाले.

आता क्रम. बहुतेक जण एप्रिलमध्ये १२० ने सुरू करतात आणि हळूहळू वाढवत मे संपेपर्यंत १८० वर जातात, कारण गिऱ्हाइकाला एकदम धक्का द्यायचा नसतो. दिसायला शहाणपणाचं आहे, पण हिशोबाच्या दृष्टीने घातक. एप्रिलमध्ये ऊन कडक, आगळाला उठाव जास्त, मेच्या शेवटी वळवाचा पाऊस पडायला लागतो आणि उन्हाळ्याची तहान ओसरते. म्हणजे खप थोडा ऋतूमुळे उतरला आणि थोडा किंमतीमुळे, पण तुमच्या वहीत सगळा दोष किंमतीवर जातो. ब फुगतो, आणि तुम्ही पुढच्या वर्षी घाबरून भाव कमी ठेवता.

यावर उपाय सोपा आहे. पहिले चार शुक्रवार भाव असे उलटसुलट लावा: १४०, १८०, १२०, १६०. पुढचे चार शुक्रवार नेमके उलट्या क्रमाने: १६०, १२०, १८०, १४०. आता बघा, १४० हा भाव पहिल्या आणि आठव्या शुक्रवारी आला, १८० दुसऱ्या आणि सातव्या, १२० तिसऱ्या आणि सहाव्या, १६० चौथ्या आणि पाचव्या. प्रत्येक भावाच्या दोन शुक्रवारांची बेरीज नऊच. त्यामुळे खप ऋतूबरोबर हळूहळू उतरत असेल तर तो सगळ्या भावांवर सारखा वाटला जातो, एकट्या १८० च्या डोक्यावर बसत नाही.

गिऱ्हाईक विचारेल, गेल्या शुक्रवारी १८० होतं आज १२० कसं? सरळ सांगा की भाव ठरवतोय. ज्यांना हे बोलणं जमत नाही त्यांनी दोन महिने नव्हे तर आठ महिने लावले तरी आकडे गढूळच येतील, कारण ते ओळखीच्या माणसाला हळूच जुन्या भावात देतात आणि वहीत मात्र नवा भाव लिहितात.

थांबून तपासा: त्या आठ शुक्रवारांत गुड फ्रायडे येतोय का, जवळपास मोठं फेस्त किंवा जत्रा आहे का? असेल तर तो शुक्रवार यादीतून काढा आणि तोच भाव जवळच्या दुसऱ्या साध्या शुक्रवारी लावा.

३. विक्री लिहायची, पण मागणी मोजायची

दिवसाच्या शेवटी किती बाटल्या विकल्या हे सगळेच लिहितात. पण समीकरणात जी म आहे ती विक्री नाही, मागणी आहे, आणि दोन्ही सारख्या तेव्हाच असतात जेव्हा माल शेवटपर्यंत पुरतो.

समजा १२० च्या शुक्रवारी तुम्ही ६० बाटल्या नेल्या आणि साडेअकरालाच संपल्या. वहीत ६० लिहिलं. खरं तर दुपारपर्यंत आणखी पंधरा-वीस माणसं येऊन परत गेली. स्वस्त भावालाच माल संपतो, त्यामुळे चूक नेहमी एकाच बाजूला होते: स्वस्त भावाचा खप खोटा कमी दिसतो, रेष सपाट होते, आणि वाटतं की भाव वाढवला तरी काही बिघडत नाही. मग लोक भाव वाढवतात आणि माल परत घरी येतो.

म्हणून प्रत्येक शुक्रवारी इतकं लिहा: तारीख, भाव, नेलेल्या बाटल्या, परत आणलेल्या बाटल्या, माल संपला असेल तर किती वाजता, आणि एक मोकळी ओळ शेरा म्हणून. पाऊस, शेजारी दुसरा आगळवाला बसला, बस बंद होत्या, असलं काहीही. माल परत आला नसेल तर तो शुक्रवार बाद धरा आणि पुढच्या वेळी जास्त न्या. या आठ शुक्रवारांत माल उरणं हे नुकसान नाही, आगळ टिकतं. ताजे मासे किंवा पाव विकणाऱ्याला हे परवडत नाही, त्याने निदान 'संपल्यावर किती जण विचारून गेले' त्याच्या रेघा तरी ओढाव्यात.

घाऊक घेणाऱ्याने एकदम दहा बाटल्या उचलल्या तर त्या वेगळ्या कॉलममध्ये टाका. तो रोजच्या गिऱ्हाइकासारखा वागत नाही.

४. सरासरी काढा आणि आधी ठिपके मारा

आठ शुक्रवारांची वही अशी झाली असं धरू:

१४० रुपये: ७१ आणि ६७, सरासरी ६९
१८० रुपये: ४४ आणि ४२, सरासरी ४३
१२० रुपये: ७९ आणि ७५, सरासरी ७७
१६० रुपये: ५१ आणि ५१, सरासरी ५१

ग्राफ पेपरवर चार ठिपके मारा. आडवी किंमत, उभा खप. इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात उलटं असतं, किंमत उभी आणि मागणी आडवी, आणि बारावीची मुलं इथेच फसतात: आकृती पुस्तकासारखी काढतात, समीकरण मात्र म = अ − ब × क वापरतात, आणि मग आकृतीवरून मोजलेला स्लोप, म्हणजे रेषेचा उतार, समीकरणात घालतात. तो स्लोप उलटा असतो, ब च्या जागी १ ÷ ब. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे काढा, पण आकडे बसवताना किंमत आडवी ठेवा, म्हणजे ब थेट वाचता येतो.

ठिपके बघून डोळ्यांनी ठरवा: साधारण सरळ रेषेत आहेत का? एखादा खूप बाहेर असेल तर शेऱ्याची ओळ वाचा. कारण सापडलं तर तो शुक्रवार परत करा, नाही सापडलं तर ठेवा. 'रेषेत बसत नाही' एवढ्याच कारणाने आकडा काढून टाकायचा नाही.

५. स्लोप काढा, पण दोन ठिपक्यांवरून नको

दोन ठिपक्यांवरून काढला तर काय होतं ते याच आकड्यांवर बघा. १२० आणि १४० घेतले तर (६९ − ७७) ÷ २० = −०.४. १४० आणि १६० घेतले तर (५१ − ६९) ÷ २० = −०.९. एकाच वहीतून दोन उत्तरं, एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठं. ज्याने मधले दोन आकडे उचलले तो म्हणेल भावाला हात लावू नका, ज्याने पहिले दोन उचलले तो म्हणेल खुशाल वाढवा. दोघांचंही गणित बरोबर आहे आणि दोघांचाही सल्ला कामाचा नाही.

चारही ठिपके वापरायची पद्धत हाताने पाच मिनिटांची आहे. किंमतींची सरासरी १५०, खपाची सरासरी ६०. प्रत्येक ओळीत सरासरीपासूनचा फरक लिहा आणि दोन फरकांचा गुणाकार करा:

१२०: फरक −३०, खपाचा फरक +१७, गुणाकार −५१०
१४०: फरक −१०, खपाचा फरक +९, गुणाकार −९०
१६०: फरक +१०, खपाचा फरक −९, गुणाकार −९०
१८०: फरक +३०, खपाचा फरक −१७, गुणाकार −५१०

गुणाकारांची बेरीज −१२००. किंमतीच्या फरकांचे वर्ग ९००, १००, १००, ९००, बेरीज २०००. भागाकार −१२०० ÷ २००० = −०.६. म्हणजे ब = ०.६, दर दहा रुपये वाढीला सहा बाटल्या कमी.

मोबाईलवर गूगल शीट्स किंवा एक्सेल असेल तर स्लोप नावाचं फंक्शन हेच करतं, पण त्यात खपाचा कॉलम आधी द्यायचा आणि किंमतीचा नंतर. उलटं दिलं तर याच सरासऱ्यांवर −१.६२ येतं, आणि शीट काही तक्रार करत नाही.

थांबून तपासा: ब मोठ्याने वाक्यात वाचा, एकक लावून. 'एक रुपया वाढला की एका शुक्रवारी ०.६ बाटली कमी.' वाक्य पटत नसेल तर मागे जा. आणि ०.६ म्हणजे साठ टक्के नव्हे, टक्क्यांचा इथे संबंधच नाही.

६. अ काढा, मग समीकरणाची परीक्षा घ्या

रेष सरासरीच्या बिंदूतून जाते, म्हणून ६० = अ − ०.६ × १५०, म्हणजे अ = ६० + ९० = १५०. इथे ९० वजा करून अ = −३० लिहिणारे पुष्कळ भेटतात, चिन्ह सांभाळा.

म = १५० − ०.६ × क

आता चारही भाव यात घालून बघा. १२० ला ७८ येतात (वहीत ७७), १४० ला ६६ (वहीत ६९), १६० ला ५४ (वहीत ५१), १८० ला ४२ (वहीत ४३). फरक −१, +३, −३, +१, बेरीज शून्य. शून्य आली नाही तर कुठेतरी आकडेमोड चुकलीय. फरकांची चिन्हंही बघा: दोन्ही टोकांना अधिक आणि मध्ये दोन्हीकडे वजा असं मोठ्या आकड्यांनी आलं तर खपाची रेष सरळ नाही, वाकलेली आहे, मग हे समीकरण ताणू नका.

आता अ चा अर्थ. १५० म्हणजे 'फुकट दिलं तर १५० बाटल्या जातील' असं लिहून टाकतात. असं काहीही सिद्ध झालेलं नाही, फुकट दिलं तर सबंध बाजार लोटेल. तसंच म = ० ठेवलं की क = २५० येतं, याचा अर्थ २५० ला एकही बाटली खपणार नाही असा घेऊ नका. आपण १२० ते १८० एवढंच बघितलंय, समीकरणावर भरवसा तेवढ्याच पट्ट्यात. १५० आणि २५० हे पुढच्या हिशोबाला लागणारे आकडे आहेत, बाजाराबद्दलची माहिती नव्हे. वहीत समीकरणाच्या शेजारीच लिहून ठेवा: 'क १२० ते १८० साठी'.

७. समीकरण उलटं करायचं असेल तेव्हा

कधी प्रश्न उलटा असतो: माझ्याकडे ४५ च बाटल्या आहेत, काय भाव लावू? मग क एकटा करायचा.

०.६ × क = १५० − म
क = २५० − म ÷ ०.६

म = ४५ घातलं की क = २५० − ७५ = १७५. भाव १७५.

चूक कशी होते ते सांगतो: लोक अक्षरांची फक्त अदलाबदल करतात, क = १५० − ०.६ × म, आणि ४५ ला १२३ काढतात. उलटं केल्यावर तपासणी सोपी आहे, आलेली किंमत मूळ समीकरणात घाला: १५० − ०.६ × १७५ = ४५. परत तोच आकडा आला तरच पुढे.

८. भाव ठरवा: आधी ठरवा की गल्ला भरायचाय की नफा

गल्ला म्हणजे किंमत गुणिले खप: क × (१५० − ०.६ × क). हा दोन ठिकाणी शून्य होतो, क = ० ला आणि क = २५० ला. अशा कमानीचा सगळ्यात उंच बिंदू नेमका मध्यावर असतो, म्हणजे १२५ वर. खप ७५, गल्ला ९३७५ रुपये.

इथे थांबणारे पुष्कळ, आणि पुस्तकातली गणितंही बरीचशी इथेच थांबतात. पण बाटली फुकट बनत नाही. भिरंडं (कोकमाची फळं), मीठ, बाटली, झाकण, लेबल असं मिळून एका बाटलीला ७० रुपये लागतात असं धरा. मग नफा = (क − ७०) × (१५० − ०.६ × क). हा शून्य होतो क = ७० ला आणि क = २५० ला, मध्य १६०. खप ५४, बाटलीमागे ९० सुटतात, ५४ × ९० = ४८६० रुपये. १२५ ला विकलं असतं तर ७५ × ५५ = ४१२५. म्हणजे गल्ला मोठा दिसत असताना दर शुक्रवारी ७३५ रुपये हातातून जात होते, वर २१ बाटल्या जास्त भराव्या लागत होत्या ते वेगळंच.

सोपा नियम म्हणून लिहून ठेवा: खप शून्य करणारी किंमत आणि बाटलीचा खर्च यांची बेरीज, भागिले दोन. (२५० + ७०) ÷ २ = १६०.

आता सोपो (बाजारात बसायची फी) आणि गाडीभाडं. समजा दोन्ही मिळून शुक्रवारी ५०० रुपये जातात. हे ७० मध्ये वाटून घालायचे नाहीत. एक बाटली विका नाहीतर पन्नास, ५०० जाणारच, त्यामुळे कुठला भाव चांगला हे त्याने बदलत नाही. ते शेवटी वजा करा: ४८६० − ५०० = ४३६०. उणे आलं तर त्या बाजारात बसायचंच की नाही हा प्रश्न आहे, भावाचा नाही. इथे खर्च लहान आहे म्हणून चूक केली तरी भाव चार-पाच रुपयांनीच हलेल, पण दुकानाचं मोठं भाडं असणारे हेच करतात आणि भाव इतका वर नेतात की गिऱ्हाईक तुटतं.

आणि १६० म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. १५० ला नफा ६० × ८० = ४८००, १७० ला ४८ × १०० = ४८००. दहा रुपये इकडे-तिकडे झाले तर शुक्रवारी फक्त ६० रुपयांचा फरक. कमानीचा माथा सपाट असतो. त्यामुळे सुटे पैसे सोपे पडतात म्हणून १५० लावलं तरी माझी काही हरकत नाही. पण १२० ला नफा ३९०० वर येतो, तिथे मात्र जाऊ नका.

भिरंडं महागली आणि बाटलीचा खर्च ७० चा ९० झाला तर? सवयीने सगळे भाव वीसने वाढवतात. नियमात घाला: (२५० + ९०) ÷ २ = १७०. दहाच वाढवायचे. १७० ला नफा ४८ × ८० = ३८४०, १८० ला ४२ × ९० = ३७८०, आणि काहीच न वाढवता १६० वर राहिलात तरी ५४ × ७० = ३७८०. सरळ रेषेच्या मागणीत खर्चवाढीचा अर्धाच भाग गिऱ्हाइकावर टाकणं फायद्याचं असतं.

सावध राहा: उत्तर १२० ते १८० च्या बाहेर गेलं, समजा खर्च १२० झाला आणि नियमाने १८५ सांगितलं, तर लगेच लावू नका. दोन शुक्रवार १८० आणि १९० लावून बघा, मग ठरवा.

९. बाजाराचा भाव तुम्ही ठरवत नसाल तर: दोन समीकरणं लागतात

आगळाचा भाव तुम्ही लावला, गिऱ्हाइकाने प्रतिसाद दिला, म्हणून एका समीकरणात भागलं. नारळाचं तसं नाही. तिथे पुष्कळ विकणारे आणि पुष्कळ घेणारे, भाव दोघांच्या ओढाताणीत ठरतो. तिथे पुरवठ्याचंही समीकरण लागतं. उदाहरणाला:

मागणी: म = १२०० − १० × क
पुरवठा: प = −२०० + २५ × क

पुरवठ्यातला −२०० बघून घाबरू नका, त्याचा अर्थ इतकाच की ८ रुपयांच्या खाली कुणी नारळ बाजारात आणणारच नाही. दोन्ही सारखे ठेवा: १२०० − १० × क = −२०० + २५ × क, म्हणजे १४०० = ३५ × क, क = ४०. नारळ ८००. ४० दोन्ही समीकरणांत घालून बघायचं, दोन्हीकडे ८०० यायला हवेत.

आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. मोदक, नेवऱ्या (करंज्या), माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची आरास), सगळीकडे नारळ. समजा प्रत्येक भावाला मागणी १४० ने वाढली: म = १३४० − १० × क. सोडवलं की १५४० = ३५ × क, क = ४४, नारळ ९००. लक्षात घ्या, मागणी १४० ने वाढली पण विक्री १०० नेच वाढली, कारण भाव चार रुपयांनी चढला आणि त्यामुळे ४० नारळ लोकांनी कमी घेतले. 'मागणी वाढली' आणि 'विक्री वाढली' एकच समजून लोक इथे १४० जास्त नारळ भरून ठेवतात.

याहून मोठी चूक पुढची. कुणीतरी बाजारात जाऊन दोन नोंदी आणतो: ४० रुपयांना ८००, ४४ रुपयांना ९००. दोन ठिपके जोडतो, स्लोप +२५ येतो, आणि प्रोजेक्टमध्ये लिहितो की नारळाला मागणीचा नियम लागू नाही, भाव वाढला तरी मागणी वाढते. त्याने मागणीची रेष काढलेलीच नाही! पुरवठ्याच्या समीकरणातला २५ बघा, तोच आलाय. मागणीची रेष सरकली आणि छेदबिंदू पुरवठ्याच्या रेषेवरून चालत गेला. बाजारात दिसणारा प्रत्येक आकडा हा छेदबिंदू असतो, आणि तो कुठली रेष दाखवतोय हे, दोघांपैकी कोण हललं यावर ठरतं.

म्हणून मागणीची रेष हवी असेल तर असे दिवस शोधा जेव्हा पुरवठा हलला पण लोकांची गरज तशीच राहिली. मासळीत हे चांगलं दिसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, पुरवठा एकदम आटतो, आणि बंदी लागायच्या आधीचे आणि लागल्यानंतरचे आकडे मागणीबद्दल बरंच सांगतात. तरी श्रावण लागला की बरेच जण मासे सोडतात, मग मागणीही हलते, त्यामुळे श्रावणातले दिवस त्यात मिसळू नका. आणि जेटीवर सकाळी उतरलेली मासळी तितकीच असते, भाव चढला म्हणून त्या दिवशी वाढत नाही, त्यामुळे एका दिवसापुरता पुरवठा म्हणजे नुसता एक ठरलेला आकडा, त्यात क घालू नका.

प्रोजेक्ट करणाऱ्यांना माझा सल्ला: बाजारभावाच्या बातम्या जमवून मागणीची रेष काढायला जाऊ नका. एखाद्या विकणाऱ्याला विनंती करून चार भावांचे शुक्रवार मिळवा. कमी आकडे असतील, पण कशाचे आहेत ते माहीत असेल.

१०. रेष हलली का ते दर मोसमाला बघा

ऑक्टोबरपासून पर्यटक वाढतात, बाजारातली गिऱ्हाइकं बदलतात, तेव्हा एप्रिल-मेचं समीकरण तसंच वापरायचं नाही. परत आठ शुक्रवारही लागत नाहीत. आधी दोनच भाव तपासा, १५० आणि १७०. जुन्या समीकरणाने ६० आणि ४८ यायला हवेत.

वहीत ७२ आणि ६० आले तर दोन्हीकडे १२ जास्त, म्हणजे रेष तशीच तिरकी राहून वर सरकलीय. ब तोच ठेवा, अ १६२ करा. खप शून्य करणारी किंमत १६२ ÷ ०.६ = २७०, नवा भाव (२७० + ७०) ÷ २ = १७०.

वहीत ७२ आणि ५४ आले तर एकीकडे १२ जास्त आणि दुसरीकडे ६ च. हा फरक नेहमीच्या चढउताराचा असू शकतो किंवा ब खरोखर बदललेला असू शकतो, दोन शुक्रवारांवरून ते कळत नाही. अशा वेळी लगेच नवा भाव ठरवू नका, हेच दोन भाव उलट्या क्रमाने आणखी दोन शुक्रवार लावा, म्हणजे आधी १७० मग १५०, आणि सरासरी घेऊन परत ताडून बघा. तेव्हाही दोन्हीकडचा फरक वेगळाच राहिला, तर पायरी दोनपासून नवीन वही घाला आणि जुन्या वहीवर 'एप्रिल-मे, म्हापसा' असं लिहून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात लागेल.